झिंक अ‍ॅनोड नव्यासारखे, तरी स्टर्नड्राइव्हला खड्डे (गंगापूर धरणातली बोट)

मखमलाबादकर

मंडळी, इथे ट्रॅक्टर, पंप, इन्व्हर्टर सगळ्याचे जाणकार भेटतात. बोटीचाही एखादा निघेल या आशेवर विचारतोय.

मामांची १९ फुटी फायबरची बोट आहे. मांडव्याकडच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतलेली. आत मर्क्रुझरचं पेट्रोल इंजिन, मागे अल्फा वन जनरेशन टू स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात राहून पंखा फिरवणारा भाग. पावसाळा सरला की गंगापूर धरणात उतरते आणि मे अखेरपर्यंत पाण्यातच बांधलेली असते. (परवानग्या रीतसर आहेत. धागा तिकडे नेऊ नका, ही हात जोडून विनंती.)

यंदा गिअर ऑइल बदलायला ट्रेलरवर काढली, तर ड्राइव्हच्या खालच्या अंगाला, पंख्याच्या अवतीभवती, काळ्या रंगाला फोड आलेले. एक फोड नखानं उचलला तर आत मिठासारखी पांढरी भुकटी, आणि ती पुसल्यावर खाली खड्डा. टाचणीचं डोकं सहज बसेल एवढा. असे बरेच आहेत. पंख्यामागच्या बेअरिंग कॅरिअरपाशी (पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग धरणारा भाग) तर रंगाचा पापुद्राच सुटून आला.

आता गंमत बघा. झिंकचे जे अ‍ॅनोड आहेत (ड्राइव्हऐवजी झिजावेत म्हणून लावलेले तुकडे), ड्राइव्ह वरखाली करणाऱ्या ट्रिम सिलिंडरवरचे, पंख्याच्या वरच्या प्लेटखालचा आणि ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपाशी, ड्राइव्ह धरणाऱ्या गिंबल हाउसिंगवरचा, ते जवळजवळ जसेच्या तसे. वर राखाडी पापुद्रा धरलाय एवढंच, कडासुद्धा शाबूत. द्वारकेच्या ज्या गॅरेजवाल्यानं इंजिन बघितलं तो म्हणाला, "अ‍ॅनोड एकदम मस्त आहेत, अजून पाच वर्षं हात लावू नका. रंग हलका होता म्हणून गेला. घासून नवा मारून देतो."

मला पटत नाहीये. अ‍ॅनोड झिजायला असतो ना? मग तो तसाच आणि ड्राइव्ह खाल्ला गेला, असं कसं?

आणखी दोन गोष्टी. मागच्या वर्षी अ‍ॅल्युमिनियमचा पंखा काढून स्टेनलेसचा बसवलाय. आणि बोटीतल्या बॅटरी चार्जरसाठी काठावरच्या मळ्यातल्या घरातून वायर ओढलेली असते, ती बहुतेक वेळा चालूच असते. माझा एक मित्र अंबडला डाय कास्टिंगमध्ये आहे, तो म्हणतो साचा दे, अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड ओतून देतो. ओतून घ्यावेत का? मामांना नाताळात बोट अलिबागला न्यायचीही हुक्की आली आहे, तेही ध्यानात घेऊन सांगा.

कॉलेजरोड_रात्री_दहा

गंगापूरला स्वतःची बोट! मामांना भाचेजावई हवा असेल तर कळवा.

डोलकाठी

मखमलाबादकर, तुमची शंका रास्त आहे. झिंक शाबूत आहे म्हणून गॅरेजवाला खूश झाला, तिथेच खरी गोम आहे. जो अ‍ॅनोड झिजत नाही तो काम करत नाही. मांडव्याला आणि भाऊच्या धक्क्याला असले ड्राइव्ह उघडण्यात माझी उमर गेली, आता मुलाकडे नाशिकरोडला असतो. खाऱ्या पाण्यात वर्षाच्या आत झिंक बिस्किटासारखं कुरतडलेलं निघालं की आम्ही म्हणायचो, चला, ड्राइव्ह वाचला.

मामला असा. ड्राइव्हचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, पंखा आणि शाफ्ट स्टेनलेसचे. दोन्ही एकमेकांना धातूनं जोडलेले आणि दोन्ही पाण्यात. झाली बॅटरी तयार. अशा जोडीत जो धातू जास्त ऋण तो विरघळतो. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडशी (मोजमापासाठी धरलेला ठरावीक संदर्भ) तुलना केली तर स्टेनलेस शून्याच्या आसपास, ड्राइव्हचं अ‍ॅल्युमिनियम साधारण उणे ७५० मिलिव्होल्ट, झिंक उणे १०३०, अ‍ॅनोडसाठी खास बनवलेलं अ‍ॅल्युमिनियम उणे ११०० आणि मॅग्नेशियम उणे १६०० च्या घरात. झिंक ड्राइव्हपेक्षा जास्त ऋण, म्हणून आधी तेच जातं आणि ड्राइव्ह राहतो. पण फरक किती? पाव व्होल्टपेक्षा थोडासा जास्त. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तिथे एवढा जोर पुरतो. धरणाचं पाणी गोडं, त्याचा विरोध कितीतरी जास्त. तिथे पाव व्होल्टाचं फार काही चालत नाही.

त्याहून वाईट म्हणजे तुम्ही लिहिलेला तो राखाडी पापुद्रा. गोड्या पाण्यात झिंकवर ऑक्साइड-कार्बोनेटचं कवच चढतं आणि आतला धातू पाण्यापासून तुटतो. समुद्रात क्लोराइड ते कवच टिकू देत नाही. तुमच्या आधीच्या मालकानं झिंक लावलं ते मांडव्याच्या हिशेबानं अगदी बरोबर होतं. बोट घाट चढून वर आली, अ‍ॅनोड मात्र समुद्राचेच राहिले.

त्यात स्टेनलेसचा पंखा म्हणजे खाणारं तोंड मोठं झालं. पंख्याच्या अवतीभवतीच जास्त खाल्लंय म्हणता ते त्यामुळेच.

गोड्या पाण्याला मॅग्नेशियम. ड्राइव्हचा सीरियल नंबर सांगून अल्फा वन जेन टू चा मॅग्नेशियम किट मागवा, मुंबईच्या विक्रेत्यांकडून कुरिअरनं येतो. किटमध्ये बेअरिंग कॅरिअरचा अ‍ॅनोड आहे याची खात्री करून घ्या. तुमच्या यादीत तो दिसला नाही, आणि तुमचं सगळ्यात जास्त नुकसान नेमकं तिथेच आहे. गोड्या पाण्यात एका अ‍ॅनोडचा पल्ला फार लांब जात नाही, त्यामुळे जे वाचवायचं त्याच्या शेजारी अ‍ॅनोड लागतो.

आता मामांचं अलिबाग. मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात ठेवायचं नाही. एक तर ते बघता बघता संपतं, आणि संपेपर्यंत ड्राइव्हला गरजेपेक्षा जास्त संरक्षण देऊन रंग उडवतं. दोन्हीकडे चालेल असा पर्याय म्हणजे अ‍ॅनोडचं अ‍ॅल्युमिनियम. समुद्र, खाडी, गोडं पाणी, सगळीकडे बऱ्यापैकी चालतं. पण तुमची बोट महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात, वर स्टेनलेसचा पंखा. मी असतो तर मॅग्नेशियमच लावलं असतं. मामांना अलिबागला रो-रोनं जाऊ द्या, बोट राहू द्या गंगापूरला.

बसवताना अ‍ॅनोडच्या खालची जागा उघड्या धातूपर्यंत घासा. बोल्टला ग्रीस नाही, टेफ्लॉन टेप नाही, आणि अ‍ॅनोडवर रंगाचा एक थेंब नाही. तो प्लेटखालचा अ‍ॅनोड काळा दिसतोय की राखाडी, तेवढं सांगा. मला संशय आहे.

निवृत्त_मास्तर

डोलकाठी यांनी व्यवहाराचं सगळं सांगितलंच आहे. मी रसायनशास्त्र शिकवत असे, तेव्हा दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही.

हा प्रश्न बोटीवरच जन्माला आला. १७६१ साली ब्रिटिश आरमारानं 'अलार्म' नावाच्या लाकडी युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून. दोनेक वर्षांनी पाहतात तर पत्रे ठीक, पण लोखंडी खिळे गळून गेलेले. जिथे तांबं आणि खिळा यांच्या मध्ये पत्र्यांच्या गुंडाळणीचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तिथले खिळे मात्र धडधाकट. दोन धातूंचा स्पर्श तुटला की झीज थांबते, हे त्या कागदानं दाखवून दिलं.

पुढे १८२४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी उलट बाजूनं विचार केला. खुद्द तांबंही समुद्रात हळूहळू विरघळतं, तर त्याला मुद्दाम लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले आणि त्यांनाच झिजू दिलं तर? प्रयोग फत्ते झाला, तांबं वाचलं. पण तांब्याचं पाण्यात उतरणं थांबलं, आणि त्या विषामुळेच तर शिंपले दूर राहत होते! जहाजांची बुडं शिंपल्यांनी भरली, वेग मंदावला आणि आरमारानं तो उपाय काढून टाकला. तत्त्व मात्र टिकलं. तुमच्या ड्राइव्हवरचा अ‍ॅनोड त्याच घराण्यातला.

अंबडच्या मित्राबद्दल: ओतून घेऊ नका. डाय कास्टिंगमध्ये सर्रास वापरतात त्या एडीसी १२ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन असतं आणि दीड ते साडेतीन टक्के तांबं. तांब्यामुळे ते ड्राइव्हपेक्षा जास्त ऋण राहणारच नाही. दुसरं, साध्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आणि पाण्यात लगेच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि ते गप्प होतं. अ‍ॅनोडच्या मिश्रधातूत थोडं जस्त आणि अगदी चिमूटभर इंडियम घालतात, ते हा थर नीट धरू देत नाही. ते इंडियम नसेल तर तुमच्या हाती दिसायला अ‍ॅनोड असेल, कामाला नाही.

आणि डोलकाठी "गरजेपेक्षा जास्त संरक्षण" म्हणाले ते नुसतं रंगापुरतं नाही. धातू फार ऋण झाला की त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे तिथलं पाणी अल्कलीधर्मी होतं. पोलादाला त्याचं फारसं वाटत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. म्हणजे वाचवण्याच्या नादात ड्राइव्ह पुन्हा खड्ड्यात. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम नको म्हणतात ते यासाठी.

सातपूर_वायरमन

मास्तरांचं वाचून मजा आली. पण दादा, सगळे अ‍ॅनोडवरच बोलताय, ती मळ्यातून ओढलेली वायर कुणी बघितली का?

तीन पिनची वायर आहे म्हणजे तिसरी अर्थिंगची. घराचं अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली तांब्याची प्लेट नाहीतर जीआय पाइप, कोळसा-मीठ घालून. चार्जरची बॉडी अर्थला, आणि बऱ्याच बोटींत तीच अर्थ पुढे इंजिनच्या ब्लॉकला जोडलेली, ब्लॉक ड्राइव्हला. बघा आता काय झालं. तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा ड्राइव्ह पाण्यात आणि मळ्यातली तांब्याची प्लेट ओल्या मातीत, दोघांना मधून हिरवी वायर. ड्राइव्ह आता एकट्या पंख्याशी लढत नाही, अख्ख्या अर्थ पिटशी लढतोय. चार्जर चालू असो वा नुसता प्लगमध्ये असो, हिरवी वायर जोडलेली आहे तोवर हे चालूच.

लगेच कुणीतरी सांगेल, हिरवी वायर कापून टाका. अजिबात कापू नका. चार्जरमध्ये फेज बॉडीला लागली तर करंट जाणार कुठे? ड्राइव्हमधून पाण्यात. आणि गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा जास्त घातक, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं अंग वीज चांगली वाहून नेतं. बोटीजवळ पोहणारा पोरगा हातपाय आखडून बुडेल आणि लोक म्हणतील पोहता येत नव्हतं.

त्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा डबा मिळतो, तो अर्थच्या वायरीत बसवायचा. आत डायोड असतात. व्होल्टभराचा जो धातूंचा डीसी करंट असतो तो अडवतो, आणि खरा फॉल्ट आला की एसी करंट पूर्ण जाऊ देतो. शिवाय मळ्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पाहिजेच. नसेल तर अ‍ॅनोडच्या आधी तो बसवा. सोपं करायचं असेल तर वायरच काढून टाका, बोटीवर छोटं सोलर पॅनल लावा. नाशकाच्या उन्हाला काय कमी आहे.

मखमलाबादकर

डोलकाठी, तुमचा संशय खरा निघाला. प्लेटखालचा अ‍ॅनोड काळा आहे. आधीच्या मालकाच्या रंगाऱ्यानं ड्राइव्हबरोबर त्यालाही रंग फासलेला दिसतोय, मी त्याला ड्राइव्हचाच भाग समजत होतो. बेअरिंग कॅरिअरचा अ‍ॅनोड नाहीच, नुसती रिकामी भोकं.

वायरमन, आरसीसीबी नव्हता, आता बसवून घेतला. वायर सध्या गुंडाळून ठेवली आहे. मामा कुरकुरले, पण पोहणाऱ्या पोराचं वाचून दाखवल्यावर गप्प बसले. त्यांचे नातू तिथेच डुंबत असतात.

एक शंका. किट यायला वेळ लागणार. घराजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे गिझरचा मॅग्नेशियमचा रॉड मिळतो. तो तोवर वापरता येईल का, की हा शुद्ध वेडेपणा?

डोलकाठी

वेडेपणा नाही. बांधून ठेवलेल्या बोटीला असा लोंबता अ‍ॅनोड लावण्याची पद्धत आहेच. रॉडच्या मधून पोलादी सळई असते, तिच्या उघड्या टोकाला जाड तांब्याची वायर घट्ट क्लॅम्पनं बांधा. तो सांधा पाण्याच्या वर राहील असं बघा, कारण तांबं पाण्यात गेलं तर मॅग्नेशियम आधी त्याचीच चाकरी करत बसेल. वायरीचं दुसरं टोक इंजिनच्या निगेटिव्हला. रॉड ड्राइव्हपासून हातभर अंतरावर सोडा, ड्राइव्हला टेकवू नका. इंजिन चालू करण्याआधी आठवणीनं वर ओढायचा, नाहीतर पंख्यात वायर. चावी त्या वायरीलाच अडकवून ठेवा म्हणजे विसरणं शक्य नाही.

माझ्याकडे सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड पडून आहे. रविवारी गंगापूरला येतो, मोजूनच टाकू. बोट आदल्या दिवशीच पाण्यात उतरवून ठेवा, कमीत कमी आठ तास स्थिर हवी. मिसळ तुमच्याकडे.

मखमलाबादकर

रविवारी डोलकाठी काका आले. काय झालं ते लिहितो, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

इलेक्ट्रोड म्हणजे पेनाएवढी नळी, तिला लांब वायर. ती मल्टिमीटरच्या एका टोकाला, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. नळी ड्राइव्हच्या मागे वीतभर अंतरावर पाण्यात सोडली. मीटर डीसी दोन व्होल्टच्या रेंजवर. काकांनी आधीच सांगितलं होतं की गोड्या पाण्यात उणे ७५० ते १०५० मिलिव्होल्टच्या मध्ये आकडा आला पाहिजे, समुद्रात ८५० ते ११००.

वायर जोडलेली असताना: उणे ६१०. काका नुसते "हं" म्हणाले. वायर काढली: हळूहळू सरकत उणे ६७० वर थांबला. म्हणजे वायरमन म्हणाले ते खरं, पण तेवढंच नव्हतं. मग गिझरचा रॉड सोडला. आकडा डोळ्यांदेखत चढायला लागला, ७००, ७४०, आणि चहा होईपर्यंत उणे ८३० च्या आसपास स्थिरावला. मामा तोवर काठावर लांब बसले होते, ते उठून मीटर बघायला आले. "एवढ्याशा कांडीनं?" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात किट आलं. बोट वर काढली, चारही जागा चकचकीत घासल्या, बसवलं. काकांनी फोनवर प्रत्येक अ‍ॅनोड ते ड्राइव्ह असा ओहम (विरोध) बघायला लावला. ट्रिम सिलिंडरचा एक अ‍ॅनोड बारा ओहम दाखवत होता. बोल्ट काढला तर भोकाच्या कडेला जुना रंग राहिलेला. घासल्यावर मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवल्यावर येतो तेवढाच आकडा आला, म्हणजे शून्यच. ड्राइव्ह, बेल हाउसिंग (मधला भाग) आणि गिंबल हाउसिंग यांना जोडणाऱ्या ज्या छोट्या वायरी असतात त्यातली एक तुटलेली होती, तीही बदलली. ती तुटलेलीच राहिली असती तर मधल्या भागाला अ‍ॅनोड असून नसल्यासारखे, असं काका म्हणाले.

आता पाण्यात उतरवल्यावर रॉडशिवाय उणे ९०० च्या जरा पुढे आहे. काका, खड्ड्यांचं काय करू? गॅरेजवाला रेड ऑक्साइड मारून वर काळा स्प्रे म्हणतोय.

डोलकाठी

९०० उत्तम.

रेड ऑक्साइड लोखंडाच्या गेटला मारू दे त्याला. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर तो धरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पापुद्रे. पांढरी भुकटी पूर्ण निघेपर्यंत घासा, पण तारेच्या ब्रशनं नाही. पोलादाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि प्रत्येक कण नवा खड्डा पाडतो. स्कॉचब्राइट किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पॉलिश पेपर वापरा. गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा, खोल खड्डे मरीन इपॉक्सी पुटीनं भरा, मग इच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. अ‍ॅनोडवर आधी मास्किंग टेप. बुडाला शेवाळ धरतं म्हणून कुणी तांब्याचा अँटिफाउलिंग रंग सुचवला तर ड्राइव्हच्या जवळही येऊ देऊ नका.

पण रंगाआधी एक बघा. बेअरिंग कॅरिअरपाशी जास्त खाल्लंय म्हणालात, तिथे सीलची बैठक असते. गिअर ऑइल काढलंत तेव्हा ते कसं होतं? दुधाळ, कॉफीसारखं असेल तर पाणी आत शिरतंय. मग आधी कॅरिअर काढून बैठक तपासायची, रंग नंतर.

आणि ड्राइव्ह अर्धा वर उचलून बांधायची सवय असेल तर मोडा. प्लेटखालचा अ‍ॅनोड पाण्याबाहेर आणि गिंबल हाउसिंग पाण्यात, असं झालं तर नव्या किटाचे पैसे हवेत. पूर्ण खाली ठेवा, नाहीतर बोटच ट्रेलरवर काढा.

मखमलाबादकर

ऑइल स्वच्छ होतं, काळपट पण दुधाळ नाही. उद्या पुन्हा खालचा स्क्रू थोडा सैल करून बघतो आणि फोटो टाकतो. मॅग्नेशियम कधी बदलायचं?

डोलकाठी

अर्धं झिजलं की. पहिल्या वर्षी दर महिन्याला बघा, मग अंदाज येईल. आणि या वेळी गॅरेजवाला "अ‍ॅनोड खराब झालेत" म्हणाला तर घाबरू नका.